टॉर्च धरणारी

दसऱ्याला नऊ दिवस उरले होते, म्हणजे गाडी उघडायचा रविवार आला होता. नागोरावांच्या घरात दुसरं काहीही मागेपुढे झालं असेल, हा रविवार कधी चुकला नव्हता. सतरा वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतलेली त्यांची पांढरी अँबॅसडर दर दसऱ्याला हैदराबादहून नागपूरला जायची, दीक्षाभूमीवर. निर्मल, आदिलाबाद करत पाचशे किलोमीटर. मागच्या सीटवर बायको केसरबाई, भाकरी-ठेच्याचं गाठोडं आणि नांदेडकडून आलेले कुणी ना कुणी पाहुणे कोंबलेले. वाटेत बंद पडलेल्या कितीतरी लोकांच्या गाड्या नागोरावांनी चालू करून दिल्या होत्या, पण त्यांची स्वतःची गाडी रस्त्यात एकदाही थांबली नव्हती. तारनाक्याच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं त्यांना नागोराव सांगत.

पत्र्याच्या शेडखाली बॉनेट उघडं होतं. बॅटरी सकाळीच चार्जिंगच्या दुकानात गेली होती, संध्याकाळी यायची होती. नागोराव बनियनवर, कमरेला जुना टॉवेल गुंडाळून इंजिनावर वाकले होते. सुमेधा त्यांच्या उजव्या हाताला टॉर्च धरून उभी होती.

टॉर्च धरणं हे तिचं काम होतं. ती दहा वर्षांची होती, बाबा शेजारच्या डॉक्टरांची गाडी सुट्टीच्या दिवशी दारात दुरुस्त करत, तेव्हापासूनचं. धाकट्या धम्मानंदच्या हातात त्यांनी पाना दिला होता, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, दहाव्यांदा. तो पाना टाकून पतंगामागे पळायचा. सुमेधा पळाली नाही, तर तिला टॉर्च मिळाला. आता ती छत्तीस वर्षांची होती, विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती, तिथल्या हजारो पुस्तकांना तिच्या हाताने नंबर पडले होते आणि त्यातली बरीचशी तिने वाचलीही होती. पण सव्वीस वर्षं टॉर्च धरून तिला जे कळलं होतं, ते कुठल्याच पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. पाना कधी हातात आला नाही, तरी कुठला नट कुठे बसतो हे ती झोपेत सांगू शकली असती.

"नव्या गाड्यांत हे नसतंच बाबा," धम्मानंद व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाला. तो सिकंदराबादच्या एका नव्या शोरूममध्ये गाड्या विकत असे. जेवायला आला होता, पण दुपारी पुन्हा जायचं म्हणून टाय तसाच होता. "पॉइंट नाही, गॅप नाही, काही नाही. एक बंद डबा असतो. बिघडला की बदलायचा."

"आन् कशानं बिघडला ते?"

"ते कुणाला पाहिजे?"

"गिऱ्हाइकाला नसंल पाहिजे. मेकॅनिकला पाहिजे का नाही?"

"मेकॅनिकच नसतो आता. इंजिनिअर असतो."

"हौ, तुझा इंजिनिअर," नागोराव इंजिनातच म्हणाले. "डबे बदलणारा."

धम्मानंद हसला. पाच वर्षांपूर्वी हाच मुलगा नोकरीसाठी रोज फाटक्या चपलांनी फिरत होता. गाड्यांची नवी दुकानं निघाली आणि त्याच्या जिभेला किंमत आली. नागोरावांचं उलट झालं. सरकारी खात्याच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं त्यांना मास्टर म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगत. रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली होती आणि गल्लीत येणाऱ्या नव्या गाड्यांच्या आवाजातलं त्यांना आता फारसं काही कळत नव्हतं. तसं ते कबूल करत नसत. त्या गाड्यांना आवाजच नाही, असं म्हणत.

"डोळे दाखवा बाबा एकदा," धम्मानंद म्हणाला. "किती वाकलाय बघा. नाक जळेल."

"माझ्या डोळ्याला काही झालं नाही. लाइट कमी हाय. सुमे, टॉर्च धर नीट. झोपायलीस काय?"

सुमेधाने टॉर्च अजून पुढे नेला. लाइट कमी नव्हता. वर्षभर ती त्यांना रोज पेपर वाचून दाखवत होती. पहिल्यांदा चष्मा सापडत नाही म्हणून, मग तिचा आवाज ऐकायला बरा वाटतो म्हणून. दोघांनाही खरं कारण माहीत होतं आणि दोघांनीही ते मधल्या टेबलावर कधी ठेवलं नव्हतं.

इंजिनाच्या कुशीतलं काळं टोपण काढून त्यांनी बाजूला लोंबत ठेवलं होतं. त्याच्याखाली दोन छोटे पॉइंट असतात. एकमेकांना लागतात, सुटतात, आणि ते सुटतात त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. त्यातला एक पॉइंट गाडीच्या लोखंडाला लागून चालत नाही. म्हणून त्याच्या स्प्रिंगखाली तपकिरी फायबरचा एक वॉशर असतो, शर्टाच्या बटणाएवढा. तो नसला तर सगळा करंट लोखंडातच जिरून जातो. मग सेल्फ मारा, इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही. नागोरावांनी पॉइंट, स्क्रू, वॉशर सगळं सुटं करून केसरबाईंच्या एका चिरा गेलेल्या बशीत रॉकेलमध्ये धुऊन काढलं होतं. आता एकेक उचलून बसवत होते. पॉइंटमध्ये पातळ पत्र्याचं गेज घालून त्यांनी अंतर बघितलं.

"गॅप जास्त वाटतोय बाबा," सुमेधा म्हणाली.

नागोरावांनी मान वर केली नाही. "तू टॉर्च धर. पुस्तकं वाचून गाड्या चालत नसतात."

व्हरांड्यात धम्मानंद पुन्हा हसला. विनोद चांगला होता म्हणून नव्हे, या वेळी आपल्या वाट्याला आला नाही म्हणून.

नागोरावांनी स्प्रिंग बसवली, वायर लावली, वरचा नट आवळला. बोटांनी चाचपून बघितलं, टोपण लावलं, दोन्ही क्लिपा खटाखट बसवल्या. बशीच्या तळाशी, काळ्या रॉकेलमध्ये, तपकिरी वॉशर होता.

सुमेधाने तो बघितला. टॉर्चचा उजेड त्याच्यावरच पडला होता. नागोरावांनी बशी उचलली, अंदाजाने मोरीकडे दोन पावलं टाकली आणि ओतून दिली. वॉशर बशीच्या काठावर क्षणभर अडला आणि रॉकेलबरोबर खाली गेला. ती हातभर अंतरावर होती. तिने टॉर्च बंद केला.

संध्याकाळी बॅटरी आली, त्यांनी ती बसवली, पण सेल्फ मारून बघितला नाही. तो त्यांचा शिरस्ता होता. पॉइंट केल्यावर पहिला सेल्फ दुसऱ्या दिवशी पहाटेच मारायचा. थंड इंजिनच खरं बोलतं, असं ते म्हणत. रात्री जेवताना त्यांनी धम्मानंदच्या वाटची एक भाकरी जास्त खाल्ली आणि या खेपेला आदिलाबादच्या अलीकडे नवीन रस्ता झालाय असं ऐकलंय, म्हणाले. सुमेधाने त्यांना पेपरातल्या दोन बातम्या वाचून दाखवल्या. तिसरी अर्धी झाली तेव्हा ते घोरत होते.

सोमवारी सहाच्या सुमाराला सेल्फच्या आवाजाने ती जागी झाली. इंजिन फिरलं, फिरलं, थांबलं. पुन्हा फिरलं. ती उठली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. केसरबाई आंघोळीला गेल्या होत्या. बाहेर सेल्फचा आवाज हळूहळू जड झाला, बॅटरी उतरत गेली, आणि मग डिकी उघडून लोखंडी हॅण्डल काढल्याचा खणखणाट झाला. समोरच्या बंपरातून ते हॅण्डल घालून इंजिन हाताने फिरवायचं, हे काम तरण्या माणसाचाही घाम काढतं. नागोराव चौसष्ट वर्षांचे होते. एक फेरा, मग थांबणं. पुन्हा एक.

"सुमे, टॉर्च आण गं," त्यांनी हाक मारली.

"आले," ती म्हणाली.

तिने चहा गाळला. ओट्याला टेकून उभी राहून प्यायली. मध्ये हॅण्डलचा आवाज दोनदा आला. आणखी एक हाक आली, ती पहिलीएवढी मोठी नव्हती. तिसरी आली नाही. कप विसळून तिने कपाटावरचा टॉर्च घेतला आणि बाहेर गेली.

नागोराव पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. बॉनेट वर होतं, काळं टोपण काढलेलं होतं, आणि त्यांची बोटं काळी झाली होती. कपाळावरचा घाम हनुवटीवरून गळत होता.

"करंट येईना," ते म्हणाले. "सगळं बघितलं. पॉइंट बरोबर हायत, तरी येईना. दम लागलाय जरा."

त्यांनी डावा हात छातीवर ठेवलेला होता, गाडीच्या बॉनेटवर ठेवत तसा, पंजा पसरून. टॉर्च तिथेच टाकून सुमेधा चौकात पळाली, रिक्षा घेऊन आली. केसरबाई ओल्या केसांनीच बसल्या. सिकंदराबादकडे जाताना रेल्वेच्या पुलाखाली नागोरावांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, आणि पूल संपला तेव्हा ते जड झालेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

लोक भेटायला येत आणि विचारत, कसं झालं. उत्तर धम्मानंद देई. पहिल्या दिवशी रडत रडत दिलं, मग त्याला एक आकार येत गेला. विकणाऱ्या माणसाची जीभ होती. दुःखातही तिला सवयीने चाल सापडली. "गाडी चालू झाली असती तर बाबा पंधरा मिनिटांत दवाखान्यात असते. त्या डबड्यानं मारलं माझ्या बापाला." पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजींचं बोलणं झाल्यावर, त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं. नांदेडचे पाहुणे माना हलवत शेडकडे बघत होते, जणू तिथे कुणी आरोपी बांधून ठेवलाय. ज्यांनी त्या गाडीतून पाच-पाच वेळा दीक्षाभूमी बघितली होती, तेही बघत होते.

सुमेधा पत्रावळी मांडत होती. धम्मानंद तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मी तर परका झालो होतो त्यांना. तू रोज घरात होतीस. डोळ्यांचं तुला तरी सांगता आलं असतं. तुझं ऐकलं असतं."

"माझं?" एवढंच ती म्हणाली.

तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती आणि त्यांतल्या कितीतरी माणसांना कबुली देताना बघितलं होतं. पुस्तकात कबुली दिली की पान उलटतं. इथे समोर माय होती, तिला रोज सकाळी चहा करून द्यायचा होता. सुमेधाने स्वतःलाच समजावलं होतं की गाडीवर आळ आला तर आला. गाडीला काय लागतंय. मास्टर नागोरावांनी पहिल्या आठवड्यातला शिकाऊ करणार नाही अशी चूक केली, हे सांगून कुणाचं भलं होणार होतं? हा विचार तिला इतका सोयीचा होता की तिला त्याची किळस यायची, आणि तरी ती रोज तोच करायची.

त्या दसऱ्याला नागपूरला कुणी गेलं नाही.

दिवाळीच्या आधी धम्मानंदच्या शोरूममध्ये मेळा होता: जुनी गाडी आणा, नवी घेऊन जा. एकच अट होती, जुनी गाडी स्वतःच्या चाकांवर, चालू अवस्थेत आली पाहिजे. धम्मानंदने मायला विचारलं, माय म्हणाली, "ने बाबा. मला बघवत नाही ती." सुमेधाला त्याने विचारलं नाही, सांगितलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो शोरूमचा हर्षद नावाचा पुण्याचा पोरगेला इंजिनिअर घेऊन आला. निळा, इस्त्रीचा गणवेश, खिशावर नाव, हातात अवजारांची नवी पेटी. त्याने नवी बॅटरी जोडली, सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं.

"बॅटरी ओके आहे सर," हर्षद म्हणाला. "पेट्रोल पण येतंय."

त्याने प्लगची वायर काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं आणि धम्मानंदला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडली नाही. मग त्याने चारही प्लग काढून पुसले, परत लावले. कॉईल बदलली, नवीकोरी. काळं टोपण पुसलं, आतली कार्बनची कांडी बदलली. प्रत्येक वेळी सेल्फ मारला आणि प्रत्येक वेळी इंजिन तसंच रिकामं फिरत राहिलं. सुमेधा व्हरांड्याच्या खांबाला टेकून बघत होती. दुखणं कुठे आहे ते तिला पहिल्या सेल्फलाच माहीत होतं. पोराचा हात दर वेळी त्याच्या वीतभर अलीकडे येई आणि दुसरीकडे जाई. तास गेला.

"सर, खरं सांगू? पॉइंटवाल्या गाड्यांचं आम्हाला ट्रेनिंगच नाही," हर्षद शेवटी म्हणाला. "उचलून नेली तर…"

"उचलून नेली तर मेळ्यात घेत नाहीत, माहितीय ना तुला."

केसरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "यादगिरीला बोलव," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला ती बोलायची नाही."

यादगिरी मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे गॅरेज चालवायचा. वर्कशॉपात तो नागोरावांच्या हाताखाली बारा वर्षं होता. पन्नाशीचा, बुटका, दोन्ही अंगठ्यांची नखं कायमची काळी. फोन केल्यावर तासाभरात तो मोपेडवरून आला. आधी गाडीकडे गेला नाही. केसरबाईंच्या पायाशी वाकला, मग आत जाऊन फोटोसमोर उभा राहिला, मग बाहेर येऊन शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"क्या क्या बदले?" त्याने हर्षदला विचारलं.

हर्षदने यादी सांगितली.

"हौ. दुकान पूरा डाल दिए आप." यादगिरी हसला नाही. "बत्ती पकड़ना जरा कोई."

टॉर्च धम्मानंदच्या जवळ होता. पण हात सुमेधाचा पुढे झाला. ती जाऊन यादगिरीच्या उजव्या हाताला उभी राहिली.

यादगिरीने खिशातून दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काढला. एक वायर कॉईलला लावली, दुसरी गाडीच्या लोखंडाला. चावी फिरवायला सांगितली आणि काळं टोपण काढून नखाने पॉइंट उघडला. "ये खुला तो बत्ती जलना," तो हर्षदला म्हणाला, शिकवल्यासारखा. बल्ब पेटला नाही. त्याने पुन्हा उघडला, पुन्हा नाही. "जलरी नहीं. मतलब करंट बीचमेंच बॉडी को लग जारा." त्याने नट सोडवला, स्प्रिंग उचलली आणि डोळे बारीक केले.

स्प्रिंगखाली बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

"उस दिन बत्ती कौन पकड़ा था, अम्मा?" त्याने सुमेधाला हळूच, खाली बघतच विचारलं. बाई लहान असो वा मोठी, तो अम्माच म्हणे.

"मीच," सुमेधा म्हणाली.

यादगिरीने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, प्रश्नही फारसा नव्हता. बारा वर्षं त्यानेही नागोरावांच्याच उजव्या हाताला टॉर्च धरला होता. टॉर्च धरणाऱ्याला काय काय दिसतं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. त्याने नजर काढून घेतली. आपल्या डब्यातून फायबरचा नवा वॉशर शोधला, बसवला, नट आवळला, टोपण लावलं.

"मारो सेल्फ."

गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. सतरा वर्षांचा तोच आवाज शेडच्या पत्र्याला थडकला. केसरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

"काय होतं?" धम्मानंदने विचारलं.

"वॉशर था साब. छोटा."

"म्हणजे? कुठे गेला?"

"टूट के गिर गया होंगा."

"कसा तुटेल? आदल्या दिवशी बाबांनी स्वतः पॉइंट केलेत. माझ्यासमोर." धम्मानंद बोलता बोलता थांबला. शब्द त्याच्या आधी पुढे गेले होते आणि आता तो त्यांच्यामागून पोचत होता. "म्हणजे बाबांनीच विसरला? एवढ्याशा…"

"नहीं साब," यादगिरी ताबडतोब म्हणाला. "मास्टर नहीं भूलते. उनों शनिवार को मेरे दुकान पे आए थे, नया वॉशर मैं दिया. सस्ता माल था. मेरेकू मालूम था सस्ता है, फिर भी दिया. वोइच टूटा. गलती मेरी है."

गाडीचा आवाज चालूच होता. सुमेधाला तो बशीतला वॉशर डोळ्यांपुढे दिसत होता: जुना, कडा झिजलेला, सतरा वर्षांपूर्वीचा. शनिवारी बाबा मलकपेठेला गेलेच नव्हते. दिवसभर घरात होते, तिने त्यांना सगळा पेपर वाचून दाखवला होता.

धम्मानंद यादगिरीसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा आधी ओढला गेला आणि मग मोकळा झाला. तीन आठवडे तो एका यंत्राला शिव्या देत होता आणि यंत्राला शिव्या देऊन माणसाचं पोट भरत नाही. आता त्याला माणूस मिळाला होता.

"तुम्ही त्यांचं मीठ खाल्लंत ना यादगिरी? बारा वर्षं?"

"हौ साब."

"साहेबांची शिफारसपत्रं आणून तुमची पोरं शाळेत घातली ती कुणी?"

"उनोंच."

"आणि त्यांना सस्ता माल दिलात. बाहेरच्या गिऱ्हाइकाला द्यायचा तो त्यांना दिलात. तुमच्या त्या सस्त्या मालानं माझा बाप हॅण्डल मारत मेला, कळतंय का तुम्हाला?"

"हौ साब," यादगिरी म्हणाला. त्याची मान खाली होती. काळे अंगठे एकमेकांवर दाबून तो वर्कशॉपात हजेरीला उभा राहावा तसा उभा होता. हर्षद पेटी आवरण्याचं निमित्त करून दूर सरकला.

केसरबाई चौकटीतूनच बोलल्या. त्यांचा आवाज बारीक होता. "मी तुझ्या लेकीच्या लग्नात भाकरी थापल्या रं यादगिरी. आन् तू असं करावं?"

यादगिरीने मान हलवली. त्याने आपला डबा बंद केला, बल्ब खिशात घातला. "चलता हूँ अम्मा," तो केसरबाईंना म्हणाला. त्यांनी तोंड फिरवलं. तो मोपेडकडे वळला.

"पुन्हा या दारात येऊ नका," धम्मानंद त्याच्या पाठीला म्हणाला. "आणि मलकपेठेत सगळ्यांना सांगणार मी, कुणाच्या दुकानात काय मिळतं ते."

सुमेधाने गाडीच्या खिडकीतून हात आत घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी वाजली, तेवढीच.

"यादगिरी, थांबा," ती म्हणाली. "जाऊ नका."

"अम्मा, रहने दो," यादगिरी म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. "मास्टर के नाम का सवाल है."

"शनिवारी बाबा कुठेही गेले नव्हते," सुमेधा म्हणाली. "हे खोटं बोलतायत, धम्मा. बाबांसाठी बोलतायत. वॉशर जुनाच होता आणि बाबांनीच विसरला. त्यांना दिसत नव्हतं, वर्षभर दिसत नव्हतं. तुझं बरोबर होतं."

आपलं बरोबर होतं हे ऐकून धम्मानंदला काय करावं ते कळेना.

"मग तुला कसं ठावं?" केसरबाईंनी विचारलं.

"मी टॉर्च धरून उभी होते, माय. बशीत वॉशर राहिलेला मी बघितला. बाबांनी बशी मोरीत ओतली, तेही बघितलं. हात पुढे केला असता तरी पुरलं असतं. तोंड उघडलं असतं तरी. मी टॉर्च बंद केला."

"विसरलीस तू," केसरबाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "कामात माणूस विसरतं. असं व्हतं."

सुमेधाला क्षणभर वाटलं की मायने हे दार उघडून दिलंय, यातून आत जावं आणि आयुष्यभर तिथेच बसून राहावं. माय वाट बघत होती. धम्मानंदही वाट बघत होता.

"नाही, विसरले नाही," ती म्हणाली. "मुद्दाम गप्प बसले. मी गॅपचं बोलले तर ते म्हणाले, टॉर्च धर, आणि हा हसला. मला वाटलं, बघू दे एकदा. एकदा तरी त्यांची गाडी चालू होऊ नये. एकदा त्यांनी मला विचारावं, सुमे, काय चुकलं असेल. सकाळी ते हॅण्डल मारत होते, तेव्हा मी जागी होते. मला हाक मारली, मी आले म्हटलं आणि आले नाही. ओट्याशी उभी राहून चहा पीत होते. हॅण्डलचा एकेक फेरा मला ऐकू येत होता, माय, आणि मला बरं वाटत होतं."